हाडांची पूड

वाईच्या आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. घाटावर पूजा सांगणाऱ्यांचं घर. त्या घरातला मुलगा गुरांचा डॉक्टर झाला हेच आईला जड गेलं होतं. तो मुलगा भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर बोकडाची हाडं भाजतो आणि लोखंडी खलबत्त्यात कुटून त्यांची पूड करतो, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुट्टीला घरी जाण्याआधी मी लिंबू चोळून हात धुवायचो. तरी ती म्हणायची, तुझ्या हातांना कसला तरी वास येतो रे. मी म्हणायचो, औषधांचा. ते अगदीच खोटं नव्हतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मेढ्याच्या पलीकडे, जावळीच्या डोंगरातल्या एका बाजाराच्या गावी, सरकारी दवाखान्यावर माझी पहिली नेमणूक झाली होती. डिग्री नवी, तोंडात पुस्तकातली वाक्यं आणि नाकावर राग. गुराला कुणी भलतंसलतं खाऊ घातलेलं कळलं की मी त्या माणसाला चारचौघांत फैलावर घ्यायचो. लोक मुकाट ऐकून घ्यायचे. डॉक्टर तापट आहे पण औषध चांगलं देतो, असं माझ्याविषयी बोललं जायचं आणि मला ते आवडायचं.

नवरात्राच्या सुमारास एक रिटायर फौजी बायकोला घेऊन दवाखान्यात आला. तासाभराच्या चालीवर डोंगरात त्यांची वाडी होती. त्याच्या खांद्यावर लष्करी कांबळ्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला वाटलं, करडू असेल. त्यानं टेबलावर कांबळं उलगडलं तर आत बिबट्याचं पिल्लू. वय सहा महिन्यांचं, अंग तीन महिन्यांच्या पिल्लाएवढं. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, मागचे अंगाखाली मुडपलेले. उठायला बघायचं आणि पुन्हा पोटावर बसायचं. डोळे मात्र लख्ख होते आणि ते सारखे त्या बाईकडे वळत होते.

हकीकत फौज्यानंच सांगितली, एखाद्या साहेबापुढे रिपोर्ट द्यावा तशी. वैशाखात बायको सरपणाला गेली तेव्हा कारवीच्या जाळीत तिला हे दिसलं होतं. दोन दिवस तिनं हात लावला नाही, आई येऊन घेऊन जाईल म्हणून लांबून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ते रडेनासं झालं, तेव्हा पदरात घालून घरी आणलं. मुलगा फौजेत, घरात दोघंच. शेळीच्या दुधावर पिल्लू जगलं. दात आल्यावर मटण सुरू केलं. घशात हाड अडकेल म्हणून फौजी रोज मटणातलं एकूण एक हाड काढून टाकायचा आणि ती बाई आपल्या हातानं मऊ मऊ तुकडे भरवायची. आषाढात ते जरा लंगडायला लागलं. पाय मुरगळला असेल म्हणून हळद लावली.

मी विचारलं, श्रावणात काय घातलंत? विचारायचं म्हणून विचारलं होतं.

"दूधभात," बाई म्हणाली. "श्रावणात आमच्या चुलीवर वशाट चढत न्हाई. त्येबी घरातलंच की."

माझं टाळकं सटकलं. बाहेर गुरं घेऊन दहा-बारा माणसं उभी होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी बोललो. म्हणालो, मावशी, हे वाघराचं पिल्लू आहे, महिनाभर त्याला उपास कसले घडवता? मग जे वाक्य बोललो ते अजून माझ्या कानात आहे. "तुमच्या श्रावणानं याला अधू केलं."

बाहेर कुणीतरी हसलं. बाईनं पदर डोक्यावर पुढे ओढला आणि पिल्लाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. फौजी आपल्या बुटांकडे बघत होता.

जंगलातलं जनावर घरात ठेवता येत नाही, वनखात्याला कळवणं मला भागच होतं. फौज्याला ते माहीत होतं. माहीत असूनच तो आला होता. रेंजर आले, कागद झाले आणि वनरक्षकाच्या क्वार्टरमागच्या एका गजांच्या खोलीत पिल्लाची सोय झाली. औषधपाण्याची जबाबदारी माझ्यावर आली. रेंजर माणूस सरळ होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की संक्रांतीपर्यंत हे नीट चालायला लागलं तर मोठ्या ठिकाणी पाठवता येईल, तिथं त्याला हिंडायला जागा मिळेल. नाही चाललं, तर लुळं जनावर कुणी घेणार नाही. मग काय करायचं ते वरून ठरेल. पुढचं त्यानं बोलायचं टाळलं, मीही विचारलं नाही. ते चाललं पाहिजे एवढंच मी डोक्यात घेतलं.

जंगली जनावराचं मला ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीला आमचे एक जुने सर राहत. सर्कशीचे तंबू पडत तेव्हा तिथली आजारी जनावरं ते बघत असत. रविवारी एस.टी. धरून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, लंगडणं कधी सुरू झालं?

आषाढात, मी म्हणालो.

सर हसले. "मग त्या बाईच्या श्रावणावर का उखडलास? दुधात कॅल्शियम असतं. त्या महिन्यानं उलट त्याला तगवलं असेल. नुसतं लुसलुशीत मांस खाऊन पोराची हाडं पोकळ झालीत. घात केला तो मायेनं निवडून फेकलेल्या हाडांनी."

मग त्यांनी उपाय सांगितला. हाडं पांढरी होईपर्यंत भाजायची, पूड करायची, वस्त्रगाळ करून मांसातून द्यायची. जोडीला गाईंना देतो ते कॅल्शियमचं पातळ औषध आणि माशाच्या तेलाचे थेंब. पुढे कोंबडी हाडासकट. मी डायरीत उतरवून घेत होतो. शेवटी, मी उठल्यावर, ते म्हणाले की त्याची कंबर नीट चाचपून बघ. अशा पिल्लांची कमरेची हाडं दबून मळाची वाट अरुंद होते. तसं असेल तर पूड जपून, चिमटीचिमटीनं. ती पोटात चुन्यासारखी बसते. रोज विष्ठा बघत जा आणि घाई करू नकोस. डायरी पिशवीत गेली होती. हे मी लिहून घेतलं नाही, लक्षात राहील म्हणालो. आणि राहिलंही होतं, विसरलो असं मला म्हणता येणार नाही.

परतीच्या एस.टी.त मी ठरवलं होतं, की मावशींना श्रावणाचं सांगून टाकायचं. गाडी कराड ओलांडेपर्यंत ठरलेलं होतं. पुढे वाटू लागलं, आता तेवढ्यासाठी काय सांगायचं, पिल्लू बरं झालं की आपोआप विसरतील. डॉक्टरनं आज एक आणि उद्या दुसरंच सांगितलं तर लोक औषधावर तरी विश्वास कसा ठेवतील? असली कारणं मला फार लवकर सुचतात.

पूड तयार झाली, पण पिल्लू ती खाईना. खिम्यात कालवली तर शिंकायचं, नाक पांढरं करून तोंड फिरवायचं. अंड्याच्या बलकात दिली. जन्मात पहिल्यांदा मी अंडं फोडलं ते त्याच्यासाठी. ताटली तशीच राहायची. सोमवारी बाजाराला म्हणून ती दोघं खाली आली तेव्हा वनरक्षकानं त्यांना गजांबाहेर उभं राहू दिलं. माझी खटपट बाईनं थोडा वेळ पाहिली. माझ्याशी बोलायला ती बिचकत होती. मग म्हणाली, "ताटलीतलं न्हाई खायाचं त्ये. हातावर चोळून द्या. हात गरम लागतो त्येला."

मी तळहातावर खिमा आणि पूड चोळून हात गजांतून आत धरला. पिल्लू खुरडत आलं, हुंगलं आणि चाटायला लागलं. कानशीसारखी जीभ. सगळा घास संपला तरी ते माझी बोटं चाटत राहिलं. बाई पहिल्यांदाच हसली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मी स्वतः भरवू लागलो. दवाखान्यात गुरं खोळंबली तरी चालतील, ही वेळ मी चुकवत नसे. खरं सांगायचं तर त्या गावात माझी वाट बघणारं तेवढं एकच होतं.

एकदा मी त्याची कंबर चाचपायला गेलो. त्याला दुखलं असणार, ते वळून मला चावलं. जखम फार नव्हती. नंतर बघू म्हटलं, आणि ते नंतर कधी आलं नाही.

महिनाभरात फरक दिसला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी गेलो तर पिल्लू चार पायांवर उभं. पाय थरथरत होते, पण पोट जमिनीला लागलेलं नव्हतं. दोन पावलं टाकून ते गजांपाशी आलं आणि माझ्या हातावर डोकं घासू लागलं. मी वनरक्षकाला हाक मारून बोलावलं, त्याच्या बायकोलाही बोलावलं. आनंदानं मला काही सुचत नव्हतं. एका चमच्यानं एवढं होतं तर दोन चमच्यांनी किती होईल, हा हिशोब मी त्याच दिवशी मांडला. संक्रांत जवळ येत होती. दोनाचे तीन चमचे झाले, मार्गशीर्षात पाच. कॅल्शियमचं औषधही वाढवलं. पिल्लू माझ्या हातावरचं सगळं चाटून पुसून खायचं. माझ्या हातचं ते नाही म्हणत नसे.

ती दोघं दर सोमवारी येत. पिल्लू चालतंय बघून फौजी मला कडक सॅल्यूट ठोकायचा, म्हणायचा, डाक्टरसाब, कमाल केली तुमी. बाई मात्र न बोलता बघत बसायची. पौष लागला तेव्हाच्या सोमवारी ती बराच वेळ उकिडवी बसून पिल्लाकडे बघत होती. निघताना माझ्याजवळ आली.

"आवं डाक्टर, त्येचं पोट साफ हुतंय का? पोट लय ताठ दिसतंय. बसताना कुंथतंय."

मला सरांचं बोलणं आठवलं. त्याच क्षणी आठवलं. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की हिनं मला सांगावं? मी म्हणालो, भरपूर खातंय, पोट भरलेलं दिसणारच. औषधाचं माझ्यावर सोडा, मावशी. ती बरं म्हणाली आणि गेली. वनरक्षकाला मी विष्ठेबद्दल विचारलं तर तो म्हणाला, चार दिवसांत झाडताना काही दिसलं नाही, कोपऱ्यात कुठं असेल. मी कोपऱ्यात बघितलं नाही. संध्याकाळी पुन्हा पाच चमचे दिले.

गुरुवारी त्यानं हातावरचं चाटलं नाही. हुंगून मान खाली घातली. मग मी कंबर चाचपली. चावायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सरांनी सांगितलं होतं तशीच ती होती, दोन बाजूंनी दाबलेल्या कडीसारखी, माझी करंगळी जेमतेम मावेल इतकी. पोटात दगड लागत होते. मी एरंडेल पाजलं, एनिमा दिला, गरम पाण्यानं शेकलं, सलाइन लावलं. तीन दिवस मी दवाखाना उघडला नाही. ते कुंथायचं, ओरडायचं, मग माझ्या मांडीवर तोंड टाकून धापा टाकायचं. शनिवारी दुपारी, उन्हात, ते गेलं. दोन दिवसांवर संक्रांत होती.

शवविच्छेदन मीच केलं. आतडी पांढऱ्या, घट्ट पुडीनं ठासून भरलेली होती. माझ्या खलबत्त्यातली पूड, मी वस्त्रगाळ केलेली. पायांची हाडं कापून बघितली तर ती चांगली भरत आली होती. संक्रांतीपर्यंत ते खरंच चाललं असतं.

अहवालात मी लिहिलं, की लहानपणीच्या सदोष आहारामुळे हाडं ठिसूळ होऊन कमरेला व्यंग आलं व त्यामुळे मृत्यू. शब्द न् शब्द खरा होता. रेंजरनं सही केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुम्ही प्रयत्न कमी केले नाहीत.

सोमवारी ती दोघं आली. खोली धुऊन काढलेली होती. बाईच्या हातात तिळगुळाची पुरचुंडी होती, वनरक्षकाच्या मुलांसाठी आणलेली. फौज्यानं अहवाल वाचायला मागितला. उभ्यानं वाचला आणि तिला अर्थ सांगितला. ती खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "माज्याच श्रावणानं खाल्लं त्येला."

मी समोर उभा होतो. जीभ टाळ्याला चिकटली होती असं म्हणणार नाही, बोलता येत होतं. मी म्हणालो, मनाला लावून घेऊ नका, मावशी. तिनं मला हात जोडले आणि म्हणाली, तुमी लय केलंसा.

पुढच्या वर्षी माझी बदली विट्याकडे झाली. तिथं मेंढरांची माणसं. पाऊस नाही, झाडी नाही, डोंगरातलं काही आठवू नये असा मुलूख. तिथं मी कुणावर ओरडलो नाही. डॉक्टर फार शांत आहे, असं लोक म्हणायचे. क्षारांची पुडी लिहून देताना मी आधी लेंड्या बघायला मागायचो, मग मेंढपाळ एकमेकांकडे बघून हसायचे. एखादी म्हातारी पोरकं कोकरू मांडीवर घेऊन दूध पाजताना दिसली की मी तिथून काढता पाय घ्यायचो.

सहा-सात वर्षांनी साताऱ्याच्या स्टँडवर फौजी भेटला. त्यानंच ओळखलं. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ. मुलाचं लग्न झालं होतं, नातू झाला होता, दीड वर्षाचा. मावशी कशा आहेत, मी विचारलं. बरी हाय, तो म्हणाला, आणि पुढे त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी ज्या गाडीत बसणार होतो ती सोडून दिली. घरात तिनं पुन्हा जनावर पाळलं नव्हतं, मांजरसुद्धा नाही. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण नातवाला ती घास भरवत नव्हती. सून शेतात गेली तर पोर भुकेनं रडायचं, ती शेजारणीला हाक मारायची. "माज्या हातचं नको त्येला, म्हनती," फौजी म्हणाला. "लय समजावलं, डाक्टरसाब. ऐकत न्हाई."

त्याच्यासोबत मी मेढ्याची गाडी धरली. वाटेत त्याला काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते तिलाच आधी, एवढी तरी लाज राखायची होती.

ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चहा ठेवायला निघाली. मी म्हणालो, आधी बसा. मग सगळं सांगितलं. सांगलीच्या सरांनी श्रावणाबद्दल काय म्हटलं होतं ते. त्या महिन्यात त्याला उलट बळच मिळालं होतं आणि हे मला आठवड्याभरात कळलं होतं, ते. पूड कशी वाढवत नेली ते. त्या सोमवारी पोटाबद्दल तिनं विचारलं ते किती अचूक होतं, आणि मला सगळं आठवूनही मी तिला कसं वाटेला लावलं, ते. पोट चिरल्यावर काय दिसलं तेसुद्धा सांगितलं. तुमच्या हातानं नाही मावशी, माझ्या हातानं गेलं ते.

फौजी दारात उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. बाई सुपातल्या तांदळात बोटं फिरवत राहिली. ती ओरडेल, शिव्या देईल, घालवून देईल अशी मी तयारी केली होती. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"लय तरास झाला का त्येला?" तिनं विचारलं.

हो, म्हणालो. तीन दिवस.

"तीन दिस," ती म्हणाली. "आन मला का न्हाई बोलावलंत? माज्या मांडीवर तरी गेलं असतं."

वाडी तासाभराच्या वाटेवर होती. वनरक्षकाला सांगितलं असतं तर तो दुपारपर्यंत तिला घेऊन आला असता. सुचलं नाही, असं तिला सांगून मोकळं होता आलं असतं. पण मला सुचलं होतं. पहिल्याच दिवशी सुचलं होतं. ती आली की आधी त्याच्या पोटावर हात ठेवील, म्हणून मी तिला बोलावलं नव्हतं.